बागेची कड कोणाची?

बागेजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. तिच्या पाठोपाठ येणारी ‘मग तिथे पार्किंग वाढवा’ ही मागणी मात्र मला पटत नाही. जागा मिळत नाही म्हणजे ती कमीच असणार, असं आपण धरून चालतो. बहुतेक ठिकाणी जागा असते. ती भलत्या गाड्यांनी अडवून ठेवलेली असते. आणि ती अडते कारण फाटकासमोरची, सगळ्यांत जास्त मागणी असलेली रस्त्याची कड आपण फुकट आणि हवी तितकी वेळ वापरायला देतो. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने ती भरून जाते. ज्याला बागेत जायचंय तो घिरट्या घालत राहतो.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी कुठल्याही गजबजलेल्या बागेच्या कडेला थोडा वेळ उभं राहून बघावं. एक गाडी हळू सरकत येते. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर नसते, फुटपाथवर चाललेल्या माणसांच्या हातांकडे असते. कोणाच्या हातात किल्ली दिसते का, हे तो शोधत असतो. दिसली की काच खाली होते. “निघताय का?” समोरचा मान हलवतो, तो फक्त पाण्याची बाटली घ्यायला आलेला असतो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागतात. मागच्या सीटवरचं पोर एव्हाना चेंडू हातात घेऊन तयार बसलेलं असतं आणि त्याला तीच घसरगुंडी तिसऱ्यांदा काचेतून दिसते. शेवटी बाबा गाडी दुसऱ्या रांगेत उभी करतात, दिवे लुकलुकत ठेवतात आणि सगळ्यांना उतरायला सांगतात. मुलं उतरतात ती वाहत्या रहदारीच्या बाजूला.

या घिरट्यांची मोजदाद झालेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी विद्यापीठाला लागून असलेल्या वेस्टवुड व्हिलेज या भागात आपल्या विद्यार्थ्यांसह जागा शोधण्याला लागणारा वेळ मोजला. सरासरी निघाली जेमतेम 3.3 मिनिटं. ऐकायला काहीच नाही. पण त्या 15 ब्लॉकच्या (ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांमधला चौकोन) चिमुकल्या भागात येणाऱ्या सगळ्या गाड्यांची बेरीज केली तेव्हा निव्वळ जागा शोधण्यासाठी वर्षाला सुमारे साडेनऊ लाख मैल, म्हणजे 15 लाख किलोमीटर गाड्या फिरतात, असा हिशेब आला. पृथ्वीला 38 प्रदक्षिणा. (शूप यांच्याच नावावर ‘शहरातली 30 टक्के वाहतूक पार्किंग शोधणारी असते’ असं एक वाक्य सर्रास खपवलं जातं. ती सरासरी त्यांनी जमवलेल्या जुन्या पाहण्यांची होती आणि त्या पाहण्या मुळात जिथे गर्दी होती तिथेच झाल्या होत्या. सगळ्या शहराला तो आकडा लावू नये, हे त्यांनी स्वतःच बजावलं होतं.)

आता पार्किंग वाढवून हा प्रश्न का सुटत नाही, ते बघू. इथे बागेचं एक वेगळेपण आहे, ते बाजाराला किंवा कार्यालयाला नाही. एक हेक्टरची चौकोनी बाग घ्या. एक बाजू 100 मीटर, म्हणजे सभोवारची कड 400 मीटर. कडेला समांतर लावलेल्या गाडीला पुढेमागे हलायच्या जागेसह साधारण 6 मीटर लागतात. कागदावर 66 गाड्या बसतात. त्यातून फाटकं, कोपरे, झेब्रा पट्टे, बसथांबा आणि बागेच्या स्वतःच्या कचरागाडीची वाट वजा केली की पन्नासच्या आसपास उरतात. आता बाग चौपट मोठी करा, चार हेक्टर. हिरवळ चौपट झाली, झोपाळे चौपट बसतील, माणसंही साधारण त्याच मानाने येतील. कड मात्र दुप्पटच झाली, 800 मीटर. समोरच्या फुटपाथची बाजू धरली तर दोन्ही बागांच्या गाड्या दुप्पट होतील, पण प्रमाण तेच राहील. माणसं क्षेत्रफळावर मावतात, गाड्या कडेवर. म्हणून बाग जितकी मोठी आणि लोकांच्या आवडीची, तितकी तिच्या कडेवरची जागा अपुरीच पडणार. यात कोणाचा गलथानपणा नाही, भूमितीच तशी आहे.

आणि हीच भूमिती सुटकेची वाटही दाखवते. चार हेक्टरच्या त्याच बागेपासून सगळ्या दिशांना 400 मीटरपर्यंत, म्हणजे रमतगमत पाच-सहा मिनिटांच्या अंतरावर जे काही येतं, ते क्षेत्रफळ 80 हेक्टरांहून थोडं जास्तच भरतं. त्यातल्या गल्ल्यांच्या कडा मीटरमध्ये नाही, किलोमीटरमध्ये मोजाव्या लागतील. तिथे संध्याकाळी सहालाही एखादी जागा मिळते. पण आपल्याला ती नको असते. बागेत चार फेऱ्या मारायला घरून निघालेला माणूस फाटकापासून तीनशे मीटरवर गाडी लावायला नाखूश असतो. ते तीनशे मीटर बहुधा व्यायामात मोजले जात नसावेत.

मग फाटकासमोर असतं कोण? पहाटे पाच वाजता, बाग उघडायच्या आधी जाऊन बघितलं तर उत्तर मिळतं. कड जवळपास भरलेलीच असते. एका गाडीच्या काचेवर धुळीचा थर आणि त्यावर कोणीतरी बोटाने काढलेलं चित्र. वायपरखाली वाळक्या पानांचा पुंजका, एका चाकातली हवा गेलेली. शेजारी एक टेम्पो, जो फक्त माल असेल तेव्हा हलतो. मग आसपासच्या इमारतींतल्या दुसऱ्या-तिसऱ्या गाड्या. नऊ वाजले की यातल्या काही जातात आणि त्यांच्या जागी जवळच्या कार्यालयांतले लोक दिवसभरासाठी येतात. बागेत येणाऱ्याचं काम तासा-दीड तासाचं. त्याची स्पर्धा आठ-दहा तास हलणारच नाही अशा गाडीशी लागते, आणि तीत तो हरतो, कारण ती गाडी त्याच्या आधी आलेली असते.

हिशेब सोपा आहे. कडेवर 60 जागा आहेत आणि बाग 12 तास उघडी असते असं धरा. हातात आले 720 जागा-तास. प्रत्येक गाडी सरासरी 6 तास थांबली तर दिवसभरात 120 गाड्यांची सोय होते. दीड तास थांबली तर 480 गाड्यांची. डांबराचा एक चमचाही न ओतता चौपट पार्किंग. प्रत्यक्षात सगळ्यांना एकाच वेळी यायचं असतं, त्यामुळे चौपट हाती लागणार नाही. पण दुप्पट झाली तरी ती कोणत्याही नगरपालिकेने कुठेही बांधलेल्या वाहनतळापेक्षा स्वस्त पडेल.

तरीही दरवेळी कोणाला तरी बागेचाच एक कोपरा दिसू लागतो. ‘तिकडे मागे काही नाही, नुसती झाडं आहेत.’ या वाक्याला इतिहास आहे. 1956 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, शहराच्या उद्यानांचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस यांनी ‘टॅव्हर्न ऑन द ग्रीन’ या उपाहारगृहाचा वाहनतळ वाढवायचं ठरवलं. 80 गाड्यांसाठी जो तुकडा सपाट करायचा होता, तिथे आसपासच्या आया मुलांना खेळवायला आणत. त्या बाबागाड्यांसकट बुलडोझरपुढे उभ्या राहिल्या. मोझेस यांनी रात्रीतून कुंपण घालून काम रेटायला बघितलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि अर्धं शहर उभंआडवं बदलून टाकणाऱ्या या माणसाला अखेर माघार घ्यावी लागली. तिथे मुलांचं क्रीडांगण झालं. त्या आयांनी ओळखलेली गोष्ट अशी की बागेत वाहनतळ केला की गाड्या वाढतात आणि ज्यासाठी गाड्या येतात ते कमी होतं.

बागेच्या खाली वाहनतळ करावा, हा त्यावरचा सभ्य तोडगा. सॅन फ्रान्सिस्कोने 1942 मध्येच युनियन स्क्वेअरच्या पोटात गाड्या घातल्या. बॉस्टनने तर उलटा प्रवास केला: पोस्ट ऑफिस स्क्वेअरमधली गाड्यांची बेढब इमारत पाडली, गाड्या जमिनीखाली नेल्या आणि 1992 पर्यंत वर बाग तयार झाली. देखणं काम आहे. पण ते परवडलं, कारण भोवती कार्यालयांचा गराडा होता आणि खाली पैसे मोजून गाडी लावणारे रोजचे गिऱ्हाईक होते. साध्या गावातल्या साध्या बागेखाली खड्डा खणायचा खर्च कोण देणार? शिवाय छताच्या स्लॅबवर मोजक्याच मातीत मोठं झाड वाढवायचं म्हणजे सोपं नाही. आधीच शंभर वर्षांचं झाड तिथे असेल तर ते गेलंच. आणि सगळ्यांत मुद्द्याचं: वर कडेची जागा फुकट असताना खाली पैसे भरून कोण जाईल? लोक आधी वर चार घिरट्या घालतील आणि अगदीच नाइलाज झाला तर खाली उतरतील. म्हणजे भुयार बांधूनही कडेचा प्रश्न सोडवावाच लागतो.

तो सोडवायचे दोनच खरे मार्ग आहेत, वेळेची मर्यादा किंवा पैसे. वेळेची मर्यादा लोकांना आवडते, कारण तिच्यात खिशाला चाट बसत नाही. ‘दोन तासांपेक्षा जास्त नाही’ अशी पाटी लावली की झालं. ती पाळून घेणं मात्र महाकठीण. कर्मचाऱ्याने दर दोन तासांनी फेरी मारायची, टायरवर खडूची खूण करायची, परत येऊन बघायची. तोवर हुशार माणूस गाडी चार पावलं पुढे घेऊन खूण पुसून मोकळा. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ शहराच्या अशाच खडूच्या खुणेवर खटला झाला आणि 2019 मध्ये संघीय अपील न्यायालयाने, टायरवर खडू ओढणं ही घटनेच्या दृष्टीने झडतीच ठरते, असा निकाल दिला. कायद्याचा कीस काढावा तर असा! गंमत सोडली तरी गोष्ट उरतेच: वेळेची मर्यादा ही रोज माणूस राबवून टिकवावी लागते, आणि आपल्याकडची अशी प्रत्येक मोहीम पहिल्या पंधरवड्यानंतर थंडावते, हे कोणत्याही शहरातला कोणताही नागरिक सांगेल.

म्हणून मी पैशांच्या बाजूने आहे. मूळ कल्पनाही तीच होती. जगातलं पहिलं पार्किंग मीटर, म्हणजे पैसे टाकले की ठरावीक वेळ गाडी लावू देणारं यंत्र, 1935 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसलं, ते शहराची तिजोरी भरायला नाही. दुकानांपुढच्या जागा तिथेच काम करणारे लोक दिवसभर अडवून ठेवत आणि गिऱ्हाइकाला उतरायला जागा राहत नसे, म्हणून ते बसलं. गाडी हलावी, एवढाच त्या यंत्राचा हेतू. पुढे सगळीकडे आपण तो विसरलो आणि मीटर म्हणजे वसुली असं समीकरण झालं. दर किती असावा, याचं शूप यांनी दिलेलं उत्तर मला अजूनही सगळ्यांत शहाणं वाटतं: कडेवर एखाद-दुसरी जागा रिकामी राहील इतका, म्हणजे साधारण 85 टक्के जागा भरलेल्या. त्यापेक्षा जास्त नाही. कड निम्मी ओस असेल तर दर जास्त आहे, उतरवा. नेहमी गच्च असेल तर कमी आहे, चढवा. दर ठरवायला पुढारी नको, रिकामी जागा पुरे.

सॅन फ्रान्सिस्कोने 2011 ते 2013 या काळात हे प्रत्यक्ष करून बघितलं. कडेवरच्या संवेदकांनी भरलेल्या जागा मोजायच्या आणि दर थोड्या आठवड्यांनी ब्लॉकनिहाय, वेळेनिहाय दर वरखाली करायचे. लोकांची भीती होती की दर फक्त चढतील. झालं उलट, मीटरचा सरासरी दर किंचित उतरला, कारण जिथे कोणी जात नव्हतं तिथे तो कमी करावा लागला. जागा शोधायला लागणारा वेळ प्रयोगाच्या भागात 43 टक्क्यांनी घटल्याचं लोकांनी सांगितलं. जिथे प्रयोग नव्हता तिथे घट होती 13 टक्के. बागेला हे तंत्र तर फारच सोयीचं. मंगळवारी दुपारी बाग रिकामी असते तेव्हा पैसे कशाला घ्यायचे? घ्यायचे ते सुट्टीच्या संध्याकाळी, आणि तेही फाटकाजवळच्या कडेवर. दोन गल्ल्या सोडून फुकट असू द्या. ज्याला पैसे वाचवायचेत तो पाच मिनिटं चालेल, ज्याला वेळ वाचवायचाय तो पैसे देईल.

इथे सगळ्यांत जोरकस आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बाग ही शहरातली उरलीसुरली फुकट गोष्ट आहे. तिथे यायला तिकीट नाही, काही विकत घ्यावं लागत नाही. मग तिच्या दारात पैसे का मागायचे? ज्याला घरात खिडकीबाहेर भिंतच दिसते, त्याच्यासाठीच तर बाग असते. मला हा आक्षेप ऐकताना नेहमी एकच प्रश्न पडतो: तो माणूस येतो कसा? बहुतेक वेळा चालत किंवा बसने. बागेचं दार त्याला फुकटच आहे आणि फुकटच राहायला हवं. कडेवरची जागा ही बाग नव्हे. ती गाडीवाल्याला दिलेली सवलत आहे, आणि तिचा खर्च गाडी नसलेलाही आपल्या करांतून भरतो. बसने आलेल्याकडून तिकिटाचे पैसे घ्यायचे आणि गाडीने आलेल्याला डझनभर चौरस मीटर सार्वजनिक जमीन फुकट द्यायची, यात गरिबाची बाजू कुठे आली?

मात्र एका गटाचं काय, याचं उत्तर बाजार देऊ शकत नाही. गुडघे कामातून गेलेली आजी, चाकाच्या खुर्चीतला तरुण, जुळ्यांना घेऊन एकटीच आलेली आई. यांना ‘पाच मिनिटं चाला’ हे सांगणं निर्दयपणाचं आहे. म्हणून फाटकाला अगदी लागून असलेल्या जागा आधी अपंगांच्या राखून ठेवायच्या, मग थोड्या जागा ‘उतरवा आणि निघा’ यासाठी, आणि दराचा विचार त्यानंतर. या राखीव जागेत ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी घालणाऱ्याबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. दंड कुठे जबर असावा, तर तिथे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधला मुख्य रस्ता 2020 मध्ये गाड्यांना बंद झाला, तेव्हा सगळ्यांत गंभीर विरोध अपंगांच्या सोयीवरूनच झाला होता, आणि तो रास्त होता. 2022 मध्ये मतदारांनी रस्ता बंद ठेवण्याच्या बाजूनेच कौल दिला, पण अपंगांना आत पोचायची सोय काय, हा प्रश्न त्या मतदानाने मिटत नाही. तो प्रत्येक बागेला स्वतःच सोडवावा लागतो.

फाटकाच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या काही मीटरवर तर गाडी नकोच, पैसे देऊनही नको. चेंडूमागे धावत बाहेर आलेलं मूल दोन उंच गाड्यांच्या मधून रस्त्यावर येतं, तेव्हा चालकाला ते दिसतच नाही. कॅलिफोर्नियाने कायदाच केला आणि 2025 पासून पादचारी पट्ट्याच्या अलीकडे 20 फूट, म्हणजे सुमारे 6 मीटरपर्यंत गाडी उभी करायला मनाई सुरू केली. न्यू जर्सीतल्या होबोकेन या दाटीवाटीच्या शहराने कोपरे मोकळे करण्याचा धडाका लावला. 2017 च्या सुरुवातीपासून सात वर्षांहून अधिक काळ तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. श्रेय एकट्या मोकळ्या कोपऱ्यांचं नव्हे, वेगमर्यादा वगैरे इतर उपायही होते. पण प्रत्येक कोपऱ्यावर गेलेल्या एका पार्किंगचं रडगाणं गाणाऱ्यांना हे ऐकवायला हवं. शिवाय ती जागा वाया जात नाही. तिथे सायकलींचे खांब रोवले की एका गाडीच्या जागेत आठ-दहा सायकली राहतात आणि त्यांच्यावरून पलीकडचं दिसतं.

राहिले बागेशेजारी राहणारे. त्यांचं दुखणं खरं आहे: सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या दारात गाडी लावता येत नाही, फाटकासमोर कोणीतरी आडवी लावून जातं. पण ‘आमच्या घरासमोरची जागा आमची’ हा दावा मान्य केला तर सार्वजनिक रस्ता हळूहळू घरांच्या अंगणात जमा होतो. जपानने या प्रश्नाचं मूळच पकडलं. 1962 पासून तिथे, काही वर्गातली वाहनं आणि काही भाग वगळता, गाडी घेताना घरापासून ठरावीक अंतरात ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. जे शहर इतकं कडक होऊ शकत नाही, त्याने रहिवाशाला एका घराला एक परवाना द्यावा, दुसऱ्या गाडीला दुप्पट शुल्क लावावं, आणि बागेच्या फाटकासमोरची कड त्यातून वगळावी.

आणि जमलेला पैसा? कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पासाडीनाची गोष्ट इथे उपयोगी पडते. मीटर बसवायला तिथल्या दुकानदारांचा कडवा विरोध होता. शहराने शब्द दिला की आलेला पैसा याच रस्त्यांवर खर्च होईल. 1993 मध्ये मीटर बसले आणि त्यातून फुटपाथ, दिवे, झाडं, सफाई झाली. बागेबाबतही अट हीच हवी: पार्किंगचा पैसा त्याच बागेच्या खात्यात. स्वच्छतागृहाला कडी नसेल, पाणपोईचा नळ तुटलेला असेल, तर पावतीवरच लिहा की हा पैसा त्यासाठी जातोय. तो सामान्य तिजोरीत गेला तर मीटरला लोकांचा विरोध होईल, आणि तो बरोबर असेल.

हे सगळं बोलायच्या आधी एक काम मात्र कोणालाही करता येतं आणि त्याला ना सल्लागार लागतो ना निविदा. एक साधा कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस निवडावा. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत दर तासाला बागेभोवती एक फेरी मारून प्रत्येक जागेतल्या गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे कागदावर उतरवावेत. दोन-तीन जण आळीपाळीने सहज करतील. दिवसाच्या शेवटी कळतं की किती जागांवर दिवसभर एकच आकडा आहे आणि किती जागांवर तो बदलत गेला. पार्किंग वाढवण्याचा ठराव सभेपुढे आला की हा कागद पुढे करावा, आणि ठराव मांडणाऱ्यांना आधी त्या न बदललेल्या आकड्यांबद्दल विचारावं.